ऑप्शनला टाकलेला आलेख

अकरावी सायन्सचे पहिले दोन महिने फिजिक्सवाल्याला नको नको होतात. गणितवाल्यांचं बरं असतं. ते कोन, त्रिकोणमिती, रेषा असं रमतगमत चालत वर्षाच्या शेवटी डेरिव्हेटिव्हपाशी, म्हणजे क्षणाक्षणाला बदलणारा वेग मोजायच्या गणितापाशी, पोचतात. मला मात्र ते दुसऱ्याच धड्यात लागतं. म्हणजे लग्न माझ्या दारात आणि आचारी अजून बसस्टँडवर. आमच्या कॉलेजात गणित शिकवणाऱ्या अरुंधती मॅडमना मी हे दरवर्षी ऐकवतो. त्याही दरवर्षी तेच उत्तर देतात, "दीनानाथ सर, तुम्हाला डेरिव्हेटिव्हची पडलीय. मला आधी पोरांना अपूर्णांकांची बेरीज येते का ते बघू द्या."

त्यांचं खरं असतं, म्हणूनच मला राग येतो.

आमचं ज्युनिअर कॉलेज जुन्या जालन्यात, मस्तगडच्या अंगाला. निम्मी पोरं शहरातली, निम्मी मंठा-परतूरकडून आलेली. दहावीच्या गणितात नव्वदच्या खाली कुणी बोलत नाही. प्रवेशाच्या वेळी मार्क ऐकून छाती भरून येते. आणि मग मी फळ्यावर दोन आडव्याउभ्या रेघा मारतो, वेग आणि वेळ यांचा आलेख काढा म्हणतो, आणि सगळ्या वर्गाच्या माना खाली जातात. एका वर्षी न राहवून मी विचारलं, "अरे, दहावीला आलेख नव्हता का तुम्हाला?" मागून कुणीतरी प्रामाणिकपणे सांगितलं, "होता सर. ऑप्शनला टाकला होता."

हे ऑप्शनला टाकणं ज्याने शोधून काढलं त्याला माझा कोपरापासून नमस्कार. पेपरात पाचपैकी तीन सोडवा असं लिहिलेलं असतं. म्हणजे दोन सोडून दिले तरी चालतात. मग कुठले दोन सोडायचे याचा विचार परीक्षेच्या हॉलमध्ये घाम पुसत कशाला करायचा? तो जूनमध्येच करून टाकायचा. अवघड दिसलं की त्या भागावर पेन्सिलने फुली मारायची, वर 'ऑप्शन' लिहायचं आणि पुढं जायचं. शिकवणाऱ्याचा वेळ वाचतो, शिकणाऱ्याचं डोकं वाचतं आणि निकाल शंभर टक्के लागतो. फक्त फुल्या मारलेली पानं अकरावीत एकदम अंगावर येतात, आणि तिथं पाचपैकी तीन असं काही नसतं.

प्रिया यंदाच्या तुकडीतली. मंठ्याजवळच्या एका खेड्यातली शाळा, गणितात चौऱ्याण्णव. वडील पुंजाराम यांची घरची शेती, आणि मंठ्याच्या बाजारात मोटार रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी त्यांच्याकडे नव्याने तार भरायला येतात. प्रिया जालन्यात मावशीकडे राहायची. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला पुढं काय व्हायचंय ते विचारतो. बहुतेक पोरं शेजारच्याने जे सांगितलं तेच सांगतात. ही उभी राहिली आणि म्हणाली, "इलेक्ट्रिकल इंजिनिअर. पप्पाच्या दुकानात रोज जळेल मोटारी येतात सर. त्या जळतातच कशाला, ते पाह्यचंय मला."

मला पोरगी तिथेच आवडली.

पहिल्या चाचणीत मी दहावीचंच एक साधं उदाहरण घातलं होतं. चेंडू सेकंदाला वीस मीटर वेगाने सरळ वर फेकला, किती उंच जाईल? प्रियाचा पेपर हातात आला. अक्षर मोत्यासारखं, पायऱ्या ओळीने, उत्तराला चौकट. आणि सगळं गणित पंधरा मीटर वेग धरून सोडवलेलं. पुस्तकातल्या उदाहरणात पंधरा आहे. तिने पुस्तकातलं उदाहरण जसंच्या तसं उतरवलं होतं, स्वल्पविरामासकट.

मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. म्हटलं, "प्रिया, प्रश्नात किती वेग दिला होता?"

"वीस, सर."

"मग तू पंधरा कुठून आणलास?"

ती मुळीच गडबडली नाही. उलट माझीच समजूत काढल्यासारखी म्हणाली, "सर, पुस्तकात पंधराच आहे. पेपरात छपाईची मिस्टेक झाल्ती. मी बराबर करून लिहिलं."

मला आधी हसू आलं. पण ती चेष्टा करत नव्हती. तिच्या शाळेत राधेश्याम सर गणित शिकवायचे. त्यांनी पोरांना सांगून ठेवलं होतं, की पेपरात आकडा बदललेला दिसला तर घाबरायचं नाही, पुस्तकातलं उदाहरण आठवून लिहायचं, पायऱ्यांचे मार्क तर कुठं जात नाहीत. ह्या पोरीने त्या सल्ल्याचा पार धर्म करून टाकला होता. वर्षभर तिने गणितं तोंडपाठ केली, लोक स्तोत्रं करतात तशी.

शेजारी बसून अरुंधती मॅडम वह्या तपासत होत्या. त्यांनी चष्म्यावरून प्रियाकडे पाहिलं. त्यांच्या विषयात तिला पन्नासपैकी अकरा पडले होते. त्या रागीट आहेत. कॉपी करणाऱ्याला त्या वर्गातून असं काढतात की तो जिना उतरेपर्यंत वळून पाहत नाही. मला वाटलं, आता हिचं काही खरं नाही. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "पोरी, तुला पाठ करता येतं तेवढं मला सगळ्या जन्मात येणार नाही. उद्यापासून मधल्या सुट्टीत डबा घेऊन इथं येत जा."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या स्टाफरूमच्या खिडकीजवळ त्या दोघींची शाळा भरू लागली. मॅडमनी पुस्तक बंद करायला लावलं. ज्या ज्या भागावर फुली होती तिथून सुरुवात केली. सुरुवातीचे दिवस बघवत नव्हते. मॅडम काहीही विचारोत, पोरगी डोळे मिटून कुठलंतरी सूत्र म्हणायची. एकदा मॅडमनी विचारलं, "रेषेचा चढ म्हणजे काय?" हिने धाडकन सूत्र म्हटलं. "सूत्र नको. चढ म्हणजे काय?" हिने तेच सूत्र परत म्हटलं, जरा मोठ्याने. मॅडमनी कपाळावर हात मारला आणि डब्यातली भाकरी तिच्या पुढ्यात सरकवली.

मग त्यांनी एक युक्ती केली. जालन्यात नळाला पाणी कधी येईल ते देवाला ठाऊक, पण आलं की सगळं घर जागचं हलतं. मॅडम म्हणाल्या, "मावशीकडे पाणी आलं की टाकीत एक काठी उभी धर. दर थोड्या वेळाने पाणी किती वर चढलं ते काठीवर बघ आणि आलेखाच्या कागदावर ठिपका दे. बाकी काही करू नकोस."

पाणी यायला आठवडा गेला. एके दिवशी ती मधल्या सुट्टीत आली ती डब्याऐवजी आलेखाचा कागद हातात धरून. कागद एका कोपऱ्यात भिजून वाळला होता. ठिपके आधी सरळ रेषेत वर गेले होते आणि मग हळूहळू वाकून आडवे होत आले होते.

"मॅडम, हितवर रेघ सरळ आली. मंग नळाचा जोर कमी झाला, तर रेघ वाकली."

"बरं. किती कमी झाला?"

पोरगी कागदाकडे बघत बसली. सूत्र म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग ठिपक्यांवर बोट ठेवून म्हणाली, "सरळ रेघेचा चढ काढता येतो. पण हितं तर दर ठिपक्याला चढ येगळाच झालाय. मंग एकाच ठिपक्यापाशी किती, ते कसं काढायचं?"

मॅडम उठल्या, माझ्या टेबलापाशी आल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ऐकलंत? डेरिव्हेटिव्ह म्हणजे दुसरं काय असतं हो? हिने ते मागितलं. आजवर मी वाढत आले, आज कुणीतरी ताट पुढं केलं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांच्याबरोबर पंधरा वर्षं एका स्टाफरूममध्ये काढली आहेत, पण हे पहिल्यांदा पाहिलं.

मला वाटलं, झालं. गाडी रुळावर आली. माणसाला असं वाटतं तेव्हाच त्याने सावध व्हावं.

पोळा झाला आणि त्या शनिवारी पुंजाराम कॉलेजात आले. अकरावीत विषय बदलायची मुदत त्याच दिवशी संपत होती. गणित सोडून, म्हणजे इंजिनिअरिंगही सोडून, बायॉलॉजी घ्यायचं तर तेवढीच वेळ होती. नाकीडोळी लेकीसारखेच, पांढरा सदरा, बोटांच्या पेरांत वॉर्निशचे तपकिरी डाग. त्यांनी मोसंबीची पिशवी टेबलावर ठेवली. बरोबर राधेश्याम सर होते. शिडशिडीत, माझ्याहून तरुण माणूस. गावच्या फाट्यावर 'शंभर टक्के निकाल' म्हणून ज्यांचा फेट्यातला फोटो लागतो ते हेच. प्रिया दाराशी उभी होती.

"मॅडम," पुंजाराम म्हणाले, "दहावीला चौऱ्याण्णव आणल्ते पोरीनं. गावानं पेढे वाटल्ते. आन हितं अकरा. दोन महिन्यांत पोरगी इतकी बिघडली का?"

"बिघडली नाही, भाऊ. आत्ता कुठं शिकायला लागलीय." मॅडमनी तो भिजलेला कागद पुढं ठेवला आणि टाकीचं सगळं सांगितलं.

पुंजारामांनी कागद हातात घेऊन नीट पाहिला. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "ही आमच्या साडूच्या घरची टाकी व्हय? नळ असाच दम टाकतो तिथला." मग त्यांनी विचारलं, "हे पेपरात येतं का?"

"हे असंच्या असं नाही येत."

"मंग पेपरात काय यायचं ते कुठं शिकून राह्यली ही?"

मॅडमनी समजावून सांगितलं. आधी मागचं भरून काढावं लागेल, मग पुढचं भराभर येईल, यंदा मार्क कमी पडतील, बारावीला सुधारतील. पुंजाराम सगळं ऐकून घेत होते. माणूस अडाणी नव्हता की हट्टी नव्हता. पोरगी इंजिनिअर होणार म्हणून दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनीच सांगितलं होतं. आता त्यांना भीती वाटत होती, आणि भीती त्यांना दाखवता येत नव्हती.

"एकच सांगा," ते म्हणाले. "राधेश्याम सरांनी जूनमधीच गॅरंटी दिल्ती, नव्वदच्या वर म्हणून. आन आणलं. तुम्ही फक्त म्हना, बारावीला पोरीला गणितात ऐंशी पडतील. मी आत्ता उठतो आन मंठ्याची गाडी धरतो. फारम बिरम काही भरायचं न्हाई."

मी मॅडमकडे पाहिलं. मनात म्हटलं, बाई, हो म्हणा. हो म्हणायला काय जातंय? डॉक्टर म्हणतात, वकील म्हणतात, मंगल कार्यालयवाला तर लग्नात पाऊस येणार नाही याचीसुद्धा गॅरंटी देतो. मी खाकरलोसुद्धा. पण अरुंधती मॅडम म्हणजे दोन अधिक दोन चार. पावणेचार नाही आणि सव्वाचारही नाही.

"गॅरंटी मला देता येत नाही, भाऊ. रोज बसली तर तिला जमेल, असं मला वाटतं."

"वाटतं," पुंजाराम म्हणाले. त्यांनी तो शब्द उलटून पाहिल्यासारखा पुन्हा म्हटला. "मॅडम, मी मोटार भरून देताना गिऱ्हाइकाला म्हन्लं, 'चालंल असं वाटतं', तर गिऱ्हाईक माझ्याकडं मोटार ठेवील का?"

मग ते दाराकडे वळले. "प्रिया, तू सांग. तुला गणित येतं का?"

दोन महिन्यांपूर्वी हा प्रश्न विचारला असता तर पोरीने छातीठोकपणे 'हो' म्हटलं असतं आणि पुरावा म्हणून तिथल्या तिथं एक प्रमेय म्हणून दाखवलं असतं. पण आता ती थांबली. टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. मॅडमनी तिला एवढ्या दिवसांत दुसरं काही शिकवलं असेल नसेल, आपल्याला काय येत नाही ते ओळखायला मात्र शिकवलं होतं.

"अजून न्हाई येत, पप्पा."

पुंजाराम उठले. ओरडले नाहीत, काही नाही. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "मंग कशाला जिवाला घोर लावून घेती?" दोघं ऑफिसकडे गेले. मोसंबीची पिशवी टेबलावर तशीच राहिली.

राधेश्याम सर मागे राहिले होते. मी त्यांना कॅन्टीनमध्ये नेलं. चहा पाजण्याच्या इराद्याने नव्हे, चांगलं फैलावर घ्यायच्या इराद्याने. म्हटलं, "सर, आलेख ऑप्शनला टाकता, आकडा बदलला तरी पुस्तकातलाच लिहा सांगता. आम्ही इथं काय शिकवायचं?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तुम्ही बरोबर बोलून राह्यले सर. पण माझ्या वर्गात येऊन पाहा. निम्म्यांना पाढे येत न्हाईत. आणि दहावीला नापास झालेली पोरगी आमच्याकडं पुन्हा शाळेत बसत न्हाई. दिवाळी झाली की पाव्हणे पाहायला येतात. मी आजवर एकही पोरगी नापास होऊ दिली न्हाई. कशी पास केली ते इचारू नका."

माझा सगळा राग चहाबरोबर निवत चालला. फैलावर घ्यायला माणूस आपल्याइतकाच थकलेला निघाला की फार पंचाईत होते.

थोड्या वेळाने ते आपणहून म्हणाले, "प्रियाचं मात्र माझ्या मनाला लागतं. बाकीच्यांना ओढून न्यायचं व्हतं, तिला न्हाई. ती इचारायची, सर, हा आलेख कशासाठी असतो? मी म्हणायचो, ऑप्शनला आहे, पुढं चल. एकदा न्हाई, लई वेळा इचारलं तिनं. तिला येगळं बसवून शिकवलं असतं तर तिला आलं असतं, सर. तिला सगळं आलं असतं."

ते बोलत असताना ऑफिसच्या खिडकीतून पुंजाराम सही करताना दिसत होते. मला उठून जाता आलं असतं. राधेश्याम सरांनाही जाता आलं असतं. आम्ही दोघंही तिकडे बघत चहा संपेपर्यंत बसलो.

सोमवारपासून प्रिया गणिताच्या तासाला बायॉलॉजीच्या लॅबमध्ये जाऊ लागली. मधल्या सुट्टीत ती आली नाही. अरुंधती मॅडम खिडकीजवळ डबा उघडून बसल्या, थोडा वेळ दाराकडे बघत राहिल्या आणि मग एकट्याच जेवल्या. तो आठवडा त्या कुणावर ओरडल्या नाहीत. शेवटी शुक्रवारी मलाच म्हणाल्या, "मी खोटं बोलायला हवं होतं का हो?" मी म्हटलं, "तुम्हाला जमलं नसतं." त्या म्हणाल्या, "ते झालंच. पण हवं होतं का?" मी खडू उचलून तासाला निघून गेलो.

फिजिक्स मात्र तिला होतंच. त्यानंतरच्या आठवड्यात मी त्या दुसऱ्या धड्यापाशी पोचलो, दरवर्षी जिथं माझी गाडी चिखलात रुतते तिथं. फळ्यावर एक वाकडी रेघ काढली. खाली वेळ, उभं अंतर. आणि पोरांना विचारलं, "ह्या इथं, ह्या एका ठिपक्यापाशी, गाडीचा वेग किती? नेमका ह्या क्षणाला." नेहमीप्रमाणे माना खाली. चौऱ्याण्णववाले, सत्त्याण्णववाले, सगळे बाकाची लाकडं मोजत बसले.

तिसऱ्या बाकावरचा एक हात वर आला.

प्रिया फळ्यापाशी आली. तिने पुस्तक आणलं नव्हतं, डोळेही मिटले नाहीत. खडू घेऊन त्या ठिपक्याच्या पुढं एक ठिपका काढला, दोन्ही जोडले, चढ काढला. मग तो दुसरा ठिपका पुसून जरा जवळ काढला. पुन्हा चढ. पुन्हा पुसला, आणखी जवळ. "सर, असं जवळ जवळ आणत गेलं की चढ कमी कमी बदलत जातो आन एका आकड्यापाशी येऊन टेकतो," ती म्हणाली. "तोच ह्या ठिपक्यापाशीचा वेग. आमच्या टाकीचं पण असंच आल्तं." शेवटी तिने त्या ठिपक्याला नुसती टेकून जाणारी एक सरळ रेघ ओढली.

मी मुद्दाम फळ्यावरचे आकडे बदलले. तिने नव्या आकड्यांनी उत्तर काढलं. मी पुन्हा बदलले. तिने पुन्हा काढलं.

इतक्या वर्षांत हा धडा माझ्या वर्गात असा कुणी समजावला नव्हता. मीसुद्धा नाही. मी तिला तिथंच थांबवून ऑफिसात गेलो. क्लार्कला म्हटलं, एका मुलीचे विषय परत बदलायचेत. त्याने कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे फिरवून दाखवला. विषय बदलायचं पोर्टल बंद झालं होतं, आता ते बोर्डालाच उघडता येईल. आणि बोर्ड एका पोरीसाठी काही उघडत नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

परत आलो तर प्रिया फळ्यापाशीच उभी होती. पुढच्या बाकावरचा मिथुन, दहावीला सत्त्याण्णववाला, तिने काढलेलं वहीत उतरवून घेत होता. मान वर न करताच त्याने विचारलं, "तुला तर हे सगळं येतंय. मंग तू गणित सोडलं कशाला?"

प्रियाने हाताला लागलेला खडू झटकला.

"त्या दिवशी येत नव्हतं," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.